मदत हवी आहे: बालवाडी शिक्षिकांची संघटना आणि पुढची वाट

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडला खासगी बालवाडीत छोटा गट शिकवते. बारावीनंतर बालवाडीचा कोर्स झालाय. वर्गात बरीच मुलं घरी तेलुगू बोलणारी. आधी चित्र, मग हावभाव, मग मराठी शब्द, असं शिकवण्यात हात बसलाय, पण पगार आणि पद तिथंच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत स्तर धरलाय, म्हणून आताच पुढं जायचंय. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या बालशिक्षण पदविकेची माहिती काढली आहे. शाळेत संघटनांबद्दल विचारलं, कुणाला सांगता आलं नाही. शिकायला नोकरी सोडून पुण्याला राहणं शक्य नाही. रविवार मोकळा असतो.

महाराष्ट्र बालशिक्षण परिषदेचं काम सोलापुरात कोण बघतं? आणि अशा संघटनेतून पर्यवेक्षिका किंवा प्रशिक्षक म्हणून कुणाला प्रत्यक्ष काम मिळालंय का?