घटप्रभा पक्षी अभयारण्य (धुपदाळ): जानेवारीत करकोचे कुठं, किती वाजता?

प्रश्न: बेळगावहून पहाटे निघणार आहोत. कांड्या करकोचा आणि पट्टकादंब (हा रानहंस) बघायचेत. दुर्बीण ८×४२ आहे. धुपदाळच्या बंधाऱ्यावर जावं की हिडकलच्या धरणावर?

हुक्केरीकर: आधी धुपदाळ. रेल्वेनं आलात तर घटप्रभा स्टेशन जवळच. पाण्याची पातळी मात्र विचारून घ्या. बंधारा तुडुंब असला की चिखलाचे काठ बुडतात आणि तुतवार, चिखल्या हे काठावर चरणारे पक्षी गायब! कांड्या करकोचे रात्री उथळ पाण्यात थांबतात, उजाडल्यावर चरायला शेतात जातात, दुपारी पुन्हा पाण्यावर येतात. उशिरा पोचलात तर दुपारपर्यंत थांबा, उगाच काठ तुडवत फिरू नका. सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहा. ऊन पाठीशी राहतं. दहानंतर पाण्यावरची हवा थरथरते, तेव्हा स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) ६० पटीवर नेऊन काही उपयोग नाही, २०-३० पटीवरच ठेवा.

पाणथळप्रेमी: ओळखीत घोळ होतो तो इथं: उडताना मान आखडलेली दिसली तर बगळा, सरळ ताणलेली असली तर करकोचा. कांड्याची मान काळी, कानामागं पांढरी पिसं. पांढऱ्या करकोच्याची चोच लाल. चोचीत फट दिसली तर तो इथलाच उघड्या चोचीचा. पट्टकादंबाच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे.

बदकांच्या माद्या खऱ्या छळतात. चेहऱ्यावर ठळक पट्टे असतील तर भुवई बदक, चेहरा साधा असेल तर चक्रांग बदक.

हुक्केरीकर: आणि दादा, थवा मान वर करून बघायला लागला की तिथंच थांबा. अजून चार पावलं टाकलीत तर सगळा उडतो.