आईला फोटोतली नावं आठवत नाहीत, कशी लिहून ठेवू?

सांजवारा:
नमस्कार मंडळी. माझी आई ७८ वर्षांची आहे. वर्षभरात तिचं विसरणं वाढलंय. सकाळी कुणाचा फोन आला होता, हे दुपारी आठवत नाही. घरात चार अल्बम आणि एक पत्र्याचा डबाभर जुने फोटो आहेत. तिच्याशिवाय या माणसांची नावं सांगणारं आता कुणी नाही, म्हणून मी वही-पेन घेऊन बसले. ‘ही कोण? हा कोण?’ विचारत गेले. पाचव्या फोटोला तिनं अल्बम मिटला. म्हणाली, ‘मला परीक्षेला बसवू नकोस गं.’ त्यानंतर डबा उघडायचा मला धीर झालेला नाही.

एक फोटो मात्र मनातून जात नाही. तळहाताएवढा, कृष्णधवल. पायरीवर दोन मुली. एक आई, दुसरी ऐन वेळी हलल्यामुळे पुसट. फोटोच्या डाव्या कडेला तिसरी आहे, पण तिचा फक्त हात आलाय, बोटांत खडू. बाकीची ती कडेबाहेर राहिली. मागे काही लिहिलेलं नाही. आई त्या हातावरून अंगठा फिरवते, नाव ओठांवर आल्यासारखं होतं आणि तिथंच राहतं. कुणी हे केलंय का?

नदीकाठ:
बाबांच्या शेवटच्या तीन वर्षांत केलंय. ताई, नाव विचारू नका. नाव ही सगळ्यात आधी निसटणारी गोष्ट. ‘इथं ऊन होतं का’, ‘तुम्ही तिथं काय करत होतात’ असं विचारा. ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या तग धरून राहतात. रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं १८८१ मध्येच हे मांडलं होतं. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी तर उतारवयातही जास्त येतात. त्या वयातले फोटो आधी काढा. एका वेळी दोनच, आणि त्या ताज्यातवान्या असतील तेव्हा. त्यांचं चुकलं तर दुरुस्त करू नका. मी बाबांना एकदा केलं, ते दिवसभर गप्प बसले. अजून बोचतं मला ते. त्यांना विचारून फोनवर आवाज रेकॉर्ड करा, म्हणजे तुमची मान वहीत राहणार नाही.

जुना_डबा:
फोटोंपुरतं सांगतो. मागे बॉलपेननं लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. जुन्या कागदी फोटोवर मऊ पेन्सिल, तीही कडेला, हलक्या हातानं. प्लॅस्टिकचा थर असलेल्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथं फोटो पाकिटात घालायचा. पाकिटावर मात्र आधीच लिहून ठेवायचं. चिकट पानांच्या अल्बममधले ओढून काढू नका, दात साफ करायचा मेण नसलेला दोरा (फ्लॉस) मागून हळूहळू सरकवा. स्कॅन रंगीत फोटोंपासून सुरू करा. कृष्णधवल फोटोत चांदीचे कण असतात, ते नीट धुतलेले असले तर टिकतात. रंगीत फोटोत नुसते रंगद्रव्य. सत्तरच्या दशकातले कितीतरी फोटो अंधारात ठेवूनही लालसर झालेत, कारण त्यातला निळा-हिरवा आधी उडतो. छोटे फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा.

मधली_बहीण:
आईच्या वयाचं कुणी हयात असेल तर त्यांना आजच फोटो पाठव. ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ म्हणता म्हणता माझी मोठी मावशी गेली.

सांजवारा:
काल सकाळी बसलो. नाव विचारलं नाही. ‘पायरी तापलेली असायची का गं?’ एवढंच म्हटलं. आई म्हणाली, ‘चटके बसायचे. पाय वर घेऊन बसायचो.’ मग बराच वेळ गप्प. मग त्या हातावर बोट ठेवून म्हणाली, ‘ही डावरी. हिला ओरडा बसायचा, पण पाटीवर हिचंच अक्षर सरळ यायचं.’ मी फोटो डोळ्यांजवळ नेला. अंगठा कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं. खरंच डावा हात. इतकी वर्षं मी हा फोटो पाहतेय, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आई कितीतरी वेळ बोलत होती, उन्हाचं, खडू लपवण्याचं, पुसट मुलगी कशाला हसली त्याचं. सगळं रेकॉर्ड झालंय.

नाव आलं नाही. पाकिटावर लिहिलंय: ‘आईची डावरी मैत्रीण, तापलेली पायरी.’ खाली एक ओळ रिकामी सोडलीय. मावसमामांना आजच फोटो पाठवते.