मदत हवी आहे: समोरच्या काकूंच्या मांजरांची ॲलर्जी आहे आणि काकूंशिवाय आमचं पान हलत नाही

नमस्कार मंडळी,

धागा लांबणार आहे, आधीच सांगते. आणि प्राणीप्रेमी विरुद्ध बाकीचे अशी मारामारी इथे नको प्लीज, त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि ते चारशे प्रतिसादांच्या पुढे गेलेत.

आम्ही पुण्यात कोथरूडला भाड्याने राहतो, जुनी चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर दोनच फ्लॅट आणि दारं समोरासमोर. लॉबी म्हणजे काय तर दोन पावलं, समोर हिंगाची फोडणी पडली की आमच्याकडे कळतं. समोर काकू राहतात, सत्तरीच्या, एकट्या, मुलगी बंगलोरला असते. त्यांच्याकडे एक बोका आणि एक मांजर. मांजर घरात असते पण बोका म्हणजे जहागीरदार आहे, दिवसभर जिन्यात हिंडतो आणि दुपारी आमच्या शू रॅकवर झोपतो, तेही माझ्याच चपलांवर.

माझा मुलगा दुसरीत आहे. व्हॅन त्याला साडेतीनला सोडते आणि मला घरी यायला पावणेसात होतात, मधले तीन तास तो काकूंकडे. खाणं, पाढे, संध्याकाळचा दिवा, सगळं तिकडेच. पैशाचं एकदाच बोलले होते तर "मी काय पाळणाघर काढलंय का गं" म्हणाल्या आणि दोन दिवस नीट बोलल्या नाहीत.

आता त्रास. जुलैपासून मला सकाळी उठल्या उठल्या शिंका, दहा-दहा सलग, डोळे चुरचुरतात, टाळू आतून खाजते (कशी खाजवणार सांगा) आणि गेले दोन महिने रात्री पाठीवर झोपलं की छातीत शिट्टी वाजते. आधी वाटलं पावसाळा, मग वाटलं भिंतीला ओल आलीये त्यामुळे. गणपतीत पाच दिवस सांगलीला माहेरी होते तर एकही शिंक नाही, आणि आल्यावर दुसऱ्याच रात्री परत शिट्टी. तेव्हा कुठे ट्यूब पेटली की मुलगा रोज संध्याकाळी येऊन मला घट्ट मिठी मारतो, मग माझ्याच उशीवर लोळत कार्टून बघतो, आणि तो त्याआधी तीन तास बोक्याला मांडीवर घेऊन बसलेला असतो. म्हणजे मांजर आमच्या घरात येत नाही पण मांजराचं सगळं येतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं घरात प्राणी आहेत का, आणि मी छातीठोकपणे नाही म्हणून सांगितलं. त्यांनी लेव्होसेटिरिझिन (ॲलर्जीची गोळी) आणि लागेल तेव्हा घ्यायला इनहेलर दिलाय, इनहेलर मी कपाटात ठेवलाय कारण सासूबाई म्हणतात एकदा लागला की सुटत नाही.

आणि खरा घोळ इथून पुढे आहे. आमच्या चेअरमनना कुठून तरी कळलं, बहुतेक माझ्याच नवऱ्याकडून, त्याच्या पोटात काही राहत नाही. ते परवा खाली गाठून म्हणाले, "मॅडम तुम्ही फक्त लेखी द्या, पुढचं आम्ही बघतो." त्यांचं आणि काकूंचं टाकीच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं वाकडं आहे. म्हणजे माझ्या शिंका त्यांच्या कामाला येणार. मला मांजरं घालवायची नाहीयेत हो, मला झोप हवीये.

तर विचारायचंय की लेखी द्यावं का, दिलं तर काय होतं, काकूंना कसं सांगू, आणि मुलाचं तिकडे जाणं न थांबवता काही करता येतं का. घर बदला सोडून काहीही सांगा.

खरं_बोलू_का: घर बदला.

धागाकर्ती: धन्यवाद, वाटच बघत होते. डिपॉझिट, टेम्पो आणि साडेतीन ते पावणेसात मुलाला सांभाळणारं माणूस तुम्ही पाठवताय ना?

शिंकऱ्या: ताई, मी बारा वर्षं या क्लबचा मेंबर आहे त्यामुळे जरा लांब लिहितो. सगळ्यात आधी एक गैरसमज, ॲलर्जी केसांची नसते. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या ग्रंथींत एक प्रोटीन असतं, नाव फेल डी १, त्याची असते. मांजर दिवसभर स्वतःला चाटतं, ते अंगावर वाळतं आणि त्याची बारीक भुकटी होऊन उडते, इतकी हलकी की तासन् तास हवेत तरंगते आणि कपड्यांना चिकटून वाट्टेल तिथे जाते. जिथे कधी मांजर पाळलं नाही अशा घरांत, शाळांत, ऑफिसांत पण ते सापडतं. त्यामुळे तुमचा संशय मुलावर आहे तो बरोबर असणार.
माझ्या मते उपाय घराच्या दारात आहे. मुलाचा एक टी-शर्ट आणि चड्डी काकूंकडेच ठेवा, तिकडे गेला की ते घालायचे, निघताना तिथेच काढायचे. घरी आला की मिठी नाही, थेट बाथरूम, डोक्यावरून पाणी, मग काय मिठ्या मारायच्या त्या मारा. बेडरूममध्ये तर आंघोळीशिवाय प्रवेशच नाही, तुमच्या उशीवर तर नाहीच नाही. झाडू बंद करा, कोरडा झाडू ती भुकटी परत हवेत उडवतो, ओलं फडकं मारा. आपल्याकडे फरशी असते हे नशीब समजा, गालिचा असता तर मेला असतात. पडदे, सोफ्याची कव्हरं, चादरी धुवायला काढा. आणि धीर धरा, मांजर घरातून गेलं तरी हे प्रोटीन चार-सहा महिने राहतं, तुमचं तर रोज नवीन येतंय.
आता इनहेलर. कपाटातून काढा!! सवय बिवय काही लागत नाही, शिट्टी वाजते म्हणजे श्वासनळ्या आवळतायत, हा सर्दीचा प्रकार राहिला नाही. छातीच्या डॉक्टरांकडे जा, स्पायरोमेट्री म्हणजे श्वासाची तपासणी करतील, नळीत जोरात फुंकायचं असतं, त्याला काही दुखत नाही. ॲलर्जीची टेस्ट पण करून घ्या, हातावर थेंब टाकून टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत फुगवटा बघतात, पण त्याआधी साधारण आठवडाभर ती लेव्होसेटिरिझिन बंद ठेवावी लागते नाहीतर काहीच उठत नाही, कधी बंद करायची ते त्यांनाच विचारा. मी न विचारता गोळी खाऊन गेलो होतो, पैसे पाण्यात.

दादरकर: शिंकऱ्याशी सहमत पण मांजरावर शिक्का मारायच्या आधी डक्टमध्ये (बिल्डिंगच्या पाइपांच्या उभ्या पोकळीत) डोकावून बघा. कबुतरं आहेत का? आमच्या मातोश्रींना दीड वर्ष कोरडा खोकला आणि जिना चढताना धाप, सगळे म्हणत होते वय झालं. निघालं कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसाला आलेली सूज. तो प्रकार वेगळा असतो, शिंका-डोळे वगैरे विशेष नसतं आणि त्या टोचायच्या टेस्टमध्ये तो दिसत नाही, त्याला सीटी स्कॅन लागला. आमच्याकडचा कबुतरखाना २०२५ मध्ये पालिकेने ताडपत्री टाकून बंद केला तेव्हा केवढा राडा झाला बघितलाच असेल, पण घरात ऑक्सिजनचं मशीन आल्यावर भूतदया जरा बाजूला राहते.

जुना_सेक्रेटरी: मी सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून नऊ वर्षं काढली आहेत, माझं ऐका, लेखी देऊ नका. निदान चेअरमन सांगतायत त्या भाषेत तर नाहीच. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात स्वच्छ लिहिलंय की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी नाही, आणि त्यासाठी दंडही लावता येत नाही. म्हणजे तुमच्या अर्जाने मांजरं जाणार नाहीत, काकूंना एक नोटीस जाईल, त्या मुलीला फोन करतील, मुलगी वकिलाला करेल, आणि चेअरमन म्हणतील मी काय करू, तक्रार तिसऱ्या मजल्याची आहे. हा खेळ मी दोनदा बघितलाय.
तुमचा मुद्दा खरं तर लॉबीपुरता आहे. लॉबी आणि जिना सामाईक जागा आहे, तिथे पाळलेलं जनावर मोकळं सोडू नये एवढं म्हणणं रास्त आहे, पण ते काकूंना तोंडी सांगा. आणि तुमचं शू रॅक पण सामाईक जागेत आहे बरं का, नियमाने ते आधी उचलायला लागेल. रॅक आत घ्या, बोक्याचा पलंगच गेला की अर्धं काम झालं.

धागाकर्ती: रॅकचं डोक्यातच आलं नव्हतं. 🙈 कबुतरं आहेत, डक्टमध्ये भरपूर आहेत.

मनीची_आई: माझ्याकडे तीन आहेत, म्हणून काकूंच्या बाजूने लिहिते. त्यांना हे चेअरमनकडून कळलं ना तर संपलं, त्याआधी तुम्ही जा. आजच जा. आणि जाताना सल्ले घेऊन जाऊ नका. म्हणजे मांजराला आंघोळ घाला वगैरे, ते लोक सर्रास सांगतात, त्याचा परिणाम जेमतेम काही दिवस टिकतो आणि सत्तरीच्या बाईने बोक्याला पाण्यात घालायचं म्हणजे तिचे हात सोलून निघतील. केस कापा हा दुसरा मूर्खपणा, वर वाचलंत ना केसांचा संबंध नाही. तुम्ही फक्त सांगा की मला रात्री श्वास लागतो, मला मांजराच्या ॲलर्जीचा संशय आहे, मला तुमच्याशी आधी बोलायचं होतं. पुढचं त्यांना सुचू दे. मांजरवाली बाई आहे, तिला ऐकायची सवय नसते पण समजतं सगळं.

शिंकऱ्या: अजून एक राहिलं. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन दिवसभर चालू ठेवता का? खिडक्या बंद आणि एक्झॉस्ट चालू असला तर ती हवा कुठून तरी आत ओढली जाणारच, आणि तुमच्याकडे ती मुख्य दाराच्या फटीतून म्हणजे लॉबीतूनच येणार. दाराखाली रबरी पट्टी लावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आणि फॅन लावताना मागची खिडकी उघडी ठेवा. कबुतरांच्या डक्टवरची नको, गॅलरीकडची.

धागाकर्ती (पाच आठवड्यांनी): अपडेट द्यायला उशीर झाला, मधे दिवाळी होती.

टेस्ट झाली. मांजर पॉझिटिव्ह, आणि त्याच्या शेजारी धुळीतले किडे म्हणजे डस्ट माइट त्याहून मोठा फुगवटा! म्हणजे इतके दिवस मी बोक्याला शिव्या देत होते आणि अर्धा गुन्हेगार माझ्या लग्नातल्या कापसाच्या गादीत बसला होता. स्पायरोमेट्रीत सौम्य दमा निघाला. आता रोजचा वेगळा इनहेलर आहे, नाकात स्टेरॉइडचा स्प्रे आहे, तो मी दोन आठवडे चुकीचा मारत होते, सरळ मधल्या पडद्यावर, रक्त यायला लागलं मग त्यांनी शिकवलं की डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने आणि टोक बाहेर कानाच्या दिशेला. कोणी वापरत असेल तर बघून घ्या. कबुतरांसाठी छातीचा एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले सध्या तसं काही वाटत नाही, पण घरमालकाच्या मागे लागून डक्टला जाळी मारून घेतली.

काकूंचं. मनीची_आई, त्याच संध्याकाळी गेले होते. मी बोलले आणि त्या काहीच बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या आणि गॅसवरचं दूध बघत उभ्या राहिल्या, दूध तापलेलं नव्हतंच. मग तिथूनच म्हणाल्या, "मला जुलैतच सांगायचंस ना, मी रोज दाराआडून तुझ्या शिंका मोजतेय." दुसऱ्या दिवशी मुलाचे कपडे ठेवायला त्यांनी स्वतःच एक डबा काढला, झाकणावर त्याचं नाव चिकटवलं. मांजरांना तीन ते सात आतल्या खोलीत ठेवू म्हणाल्या, ते मात्र जमत नाही, कारण दार उघडणारा माझाच मुलगा आहे. बोक्याचं जिन्यात हिंडणं चालूच आहे, रॅक आत गेल्यापासून तो आमच्या पायपुसण्यावर बसतो, पायपुसणं काढलं तर नुसत्या फरशीवर बसतो आणि मी दार उघडलं की माझ्याकडे असं बघतो की जशी मी त्याची भाडेकरू आहे.

शिट्टी बरीच कमी आहे, आठवड्यातून एखादी रात्र. रविवारी जास्त होते, का ते कळलं नव्हतं, मग लक्षात आलं रविवारी मुलगा सकाळीपण तिकडे जातो आणि तेव्हा डबा-बिबा कोणी पाळत नाही, नवरा तर नाहीच नाही.

चेअरमनना सांगितलं लेखी काही देणार नाही. त्यांनी गेल्या मीटिंगमध्ये तरी विषय काढलाच, "काही सभासदांना आरोग्याचा त्रास" असं, मी भाडेकरू असल्याने मला मीटिंगला बसायला मिळत नाही, काकू होत्या. घरी आल्यावर दारातूनच म्हणाल्या, तुझं नाव घेतलं नाही त्यांनी पण माझ्याकडे बघत होते. मला फार मेल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या चहा टाकते, मी म्हटलं तुम्ही इकडेच या, तर साडी बदलून आल्या.

आता नवीन प्रश्न. डॉक्टर इम्युनोथेरपी सुचवतायत, म्हणजे त्याच ॲलर्जीचे अगदी थोडे थोडे डोस वाढवत न्यायचे, तीन ते पाच वर्षं चालते म्हणे. इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास तिथेच थांबावं लागतं आणि सुरुवातीला फेऱ्या बऱ्याच असतात. जिभेखालच्या थेंबांचा पण पर्याय आहे, तो घरी घेता येतो. कोणी पूर्ण केलीये का? मधेच सोडलीत तर का सोडलीत? नोकरी सांभाळून जमतं का? आणि बेडरूमसाठी एअर प्युरिफायर घेतोय, दुकानदार आयोनायझरवाला (हवेत विद्युतभारित कण सोडणारा) गळ्यात मारतोय, मला साधा खरा हेपा फिल्टरवाला (बारीक कण गाळून घेणारा) पाहिजे, दहा बाय अकराची खोली आहे, फिल्टर बदलायचा वर्षाचा खर्च किती येतो ते वापरणाऱ्यांनी सांगा. दुकानदार त्यावर बोलतच नाहीये.