विषय: वहिनींच्या उपचारांसाठी मदत

नमस्कार मंडळी,

आपल्या एका सभासद कुटुंबातल्या वहिनींना स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालंय. केमो सुरू आहे, पुढे ऑपरेशन आणि रेडिएशन. त्यांना विचारूनच लिहितेय. नाव कळवायचं नाही, कृपया कुणी तर्कही लढवू नयेत. नवरा बिनपगारी रजेवर आहे आणि बिलं यायला लागली आहेत. ऑनलाइन फंडरेझर लगेच काढावा असं कमिटीतल्या काहींचं म्हणणं आहे. तुमचं मत कळवा.
– सचिव

---

मंडळाच्या खात्यातून हे करता येणार नाही. आपण ५०१(सी)(३), म्हणजे अमेरिकन कायद्याने करमुक्त असलेली धर्मादाय संस्था आहोत, त्यामुळे एकाच कुटुंबासाठी म्हणून दिलेल्या पैशांवर करसवलतीची पावती देता येत नाही. ज्यांना द्यायचंय त्यांनी परस्पर द्यावं. उपचाराची रक्कम थेट हॉस्पिटलला भरली तर गिफ्ट टॅक्सचा प्रश्नच येत नाही.
– खजिनदार

---

मंडळी, फंडरेझर जरूर काढा, पण आज नको. मी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये नोकरी केली आहे, म्हणून कळकळीने सांगते: आधी बिल खाली आणा, मग पैसे गोळा करा. नाहीतर लोकांनी प्रेमाने दिलेले पैसे, जी रक्कम माफ होऊ शकली असती त्यातच जातील.

इन्शुरन्सकडून येतो तो ईओबी, म्हणजे कुठल्या उपचाराचे त्यांनी किती दिले आणि आपल्याकडे किती उरले याचा तक्ता. त्यावर 'हे बिल नाही' असं छापलेलं असतं, तरी आकडा बघून माणसं हादरतात आणि पैसे भरायला निघतात. हॉस्पिटलचं बिल येऊ दे, त्याची तपशीलवार प्रत मागा आणि ईओबीशी ओळ न् ओळ ताडून पाहा.

मग सवलतीचा अर्ज. २०१० च्या आरोग्य कायद्यामुळे प्रत्येक ना-नफा खाजगी हॉस्पिटलला आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. 'आपल्याला कोण देणार, आपण नोकरदार' असं म्हणून आपले लोक अर्जच करत नाहीत. उत्पन्नाची मर्यादा प्रत्येक हॉस्पिटलची वेगळी असते, आणि काही ठिकाणी मध्यमवर्गीय कुटुंबंही तीत बसतात. बिनपगारी रजेमुळे उत्पन्न घटलंय, तेही अर्जात लिहा. आणि तोवर क्रेडिट कार्डावर एक डॉलरही भरू नका. एकदा कार्डावर गेलं की ते बँकेचं कर्ज, मग हॉस्पिटल त्यात काय करणार?

इन्शुरन्स असताना वर्षभरात आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती भरायचं, ती मर्यादा नव्या प्लॅन-वर्षात पुन्हा शून्यापासून सुरू होते, बहुतेकांची जानेवारीत. रेडिएशन तिकडे सरकलं तर तीच रक्कम दुसऱ्यांदा भरावी लागेल. म्हणून फंडरेझरचा आकडा दोन वर्षांचा धरा.

जमलेला पैसा मुख्यतः इन्शुरन्स ज्याला हात लावत नाही त्यासाठी ठेवावा असं मला वाटतं. रेडिएशनला सहसा आठवड्यातले पाच दिवस जावं लागतं, तेही कित्येक आठवडे. पार्किंग, पेट्रोल, मुलांना सांभाळणारी बाई, आणि घराचा हप्ता तर थांबत नाही. दूरच्या सेंटरला जावं लागलं तर अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या होप लॉजमध्ये रुग्ण आणि सोबतच्या माणसाची मोफत सोय होते, जागा आहे का ते सोशल वर्करला विचारा.

नवऱ्याची नोकरी गेलीच तर कोब्राने, म्हणजे नोकरीतला इन्शुरन्स स्वतःच्या खर्चाने पुढे चालू ठेवू देणाऱ्या कायद्याने, तोच इन्शुरन्स साधारण १८ महिने चालू ठेवता येतो. महाग पडतो, पण केमोच्या मध्यात डॉक्टर बदलायची वेळ येत नाही.
– काकू

---

काकू, मी वहिनींची नणंद. दादाला अर्ज करायची लाज वाटतेय, आणि भीतीही. ग्रीन कार्डचं काम चालू आहे, हे घेतलं तर त्यात खोडा पडेल का?

---

अगं, ही हॉस्पिटलची स्वतःची सवलत, सरकारी मदत नव्हे. तरी मनात शंका नको, त्याच्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाकायला सांग. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) किंवा दुसरं काही सरकारी घ्यायचं असेल तर मात्र वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. आणि लाज कसली? हे धोरण अशाच घरांसाठी आहे.

शनिवारी दुपारी मी येते. मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न, पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट्स आणि आलेली सगळी पाकिटं, न फोडलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून ठेव. फॉर्म तिथेच बसून भरू. दादाला म्हणावं फक्त सही करायला ये.
– काकू