पॅन्झर रेजिमेंट ५, आफ्रिका १९४१–४३: अभ्यास कुठून सुरू करावा? जाणकारांचा सल्ला हवा

रेतीघड्याळ
जर्मन पॅन्झर (म्हणजे रणगाडा) रेजिमेंट ५ वर मराठीत दीर्घ लेख लिहायचा आहे. पोलंड आणि फ्रान्स एका परिच्छेदात आटोपून सगळा भर आफ्रिकेवर द्यायचा आहे, म्हणजे मार्च १९४१ मध्ये त्रिपोलीत उतरल्यापासून मे १९४३ मध्ये ट्युनिशियात शरणागती होईपर्यंत. अडचण आकड्यांपासूनच सुरू होते. सुरुवातीला रणगाडे किती होते याचं उत्तर कुठे १२०, कुठे १५५, तर कुठे १६८ मिळतं. मूळ कागद कुठे मिळतात? आकडे कसे पारखायचे? आणि २० जून १९४२ ला लिबियातल्या तोब्रुक बंदरात ब्रिटिशांच्या बाजूने २/५ मराठा लाइट इन्फन्ट्री ही भारतीय बटालियन समोर होती, तर त्या दिवसाच्या दोन्ही बाजू कशा जुळवायच्या? जर्मन कामापुरतं वाचता येतं.

चिलखतपट्टी
आधी '५' या आकड्याचा गोंधळ मिटवा, कारण निम्मे लेख तिथेच घसरतात. ही रेजिमेंट १९३५ ची, बर्लिनच्या दक्षिणेला वुन्सडॉर्फची. आधी ती ३ऱ्या पॅन्झर डिव्हिजनमध्ये होती. १९४१ च्या सुरुवातीला तिला काढून नव्या ५व्या लाइट डिव्हिजनला दिलं, आणि त्याच डिव्हिजनचं नाव १ ऑगस्ट १९४१ ला २१वी पॅन्झर डिव्हिजन झालं. ५व्या पॅन्झर डिव्हिजनशी हिचा संबंध नाही. 'वायकिंग' डिव्हिजनची एसएस पॅन्झर रेजिमेंट ५ सुद्धा वेगळी. १९४४ ला नॉर्मंडीत जी २१वी पॅन्झर डिव्हिजन लढली तिची रणगाडा रेजिमेंट २२ क्रमांकाची होती. मूळची ५ ट्युनिशियातच संपली होती. त्यामुळे 'तोब्रुकची रेजिमेंट पुढे नॉर्मंडीत' असं वाक्य लेखात येऊ देऊ नका.

दुसरं, जर्मन कागदात रेजिमेंटच्या नावाआधी रोमन २ (II) असेल तर ती दुसरी बटालियन (त्यांचा शब्द 'आब्टाइलुंग'), आणि साधा २ असेल तर दुसरी कंपनी. टंकलिखित कागदाच्या पुसट प्रतीत हा फरक सहज निसटतो आणि एका कंपनीचं नुकसान अख्ख्या बटालियनच्या नावावर चढतं.

हिशेबनीस
तुमचे तिन्ही आकडे एकाच हिशेबातून निघतात. निघताना पॅन्झर-१ होते २५, पॅन्झर-२ होते ४५, पॅन्झर-३ होते ७१, पॅन्झर-४ होते २० आणि कमांड गाड्या ७, एकूण १६८. मार्च १९४१ मध्ये 'लेव्हरकुसेन' जहाजाला आग लागून १० पॅन्झर-३ आणि ३ पॅन्झर-४ गेले, म्हणून उतरले १५५. बदली रणगाडे मागाहून आले. त्या १५५ मधून कमांड गाड्या आणि नुसत्या मशीनगनवाले पॅन्झर-१ वगळले की १२३ उरतात, तेच '१२०'. लेखात आकडा देताना काय धरलं आणि काय वगळलं ते तिथल्या तिथे लिहा.

पुढच्या काळासाठी तीन रकाने कायम वेगळे ठेवा: पटावरचे, लढायला तयार आणि कायमचे गेलेले. रणांगण ज्याच्या ताब्यात राहिलं तो आपले मोडके रणगाडे रात्रीत ओढून नेत असे, आणि यात जर्मन वर्कशॉप कंपन्या तरबेज होत्या. सोमवारी 'उद्ध्वस्त' झालेला रणगाडा शुक्रवारी पुन्हा तयार रकान्यात दिसतो. उलट ब्रिटिश तोफखाना, रणगाडे आणि विमानं तिघंही त्याच रणगाड्यावर आपापला दावा सांगतात. म्हणून मारणाऱ्याचा दावा बाजूला ठेवून, गमावणाऱ्याच्या सलग चार-पाच दिवसांच्या नोंदींवरून नुकसान ठरवा.

रेतीघड्याळ
हे फारच उपयोगी. १९४१ च्या वसंतात त्रिपोलीहून तोब्रुककडे मारलेल्या पहिल्या धावेत रणगाडे लढाईपेक्षा वाटेतच जास्त पडले असं वाचलं. कारण नुसती उष्णताच का?

चिलखतपट्टी
धूळ. पॅन्झर-३ च्या मायबाख इंजिनाचे हवा गाळणारे फिल्टर युरोपच्या रस्त्यांसाठी होते. आफ्रिकेतली पिठासारखी बारीक धूळ त्यातून आत जाई, तेलात मिसळून सहाणेसारखी घासे, आणि सिलिंडर-पिस्टन झिजले की ताकद जाऊन इंजिन बसे. अशा इंजिनाला बाहेरची दुरुस्ती पुरत नाही, ते पूर्ण बदलावं लागतं, आणि बदली इंजिनं समुद्रापलीकडून यायची. त्रिपोली ते तोब्रुक अंतर नकाशावर मोजून बघा, म्हणजे एप्रिलमध्ये रेजिमेंट अर्धीमुर्धी का पोचली ते कळेल. नंतरच्या उष्ण प्रदेशासाठीच्या आवृत्तीत वाढीव फिल्टर आणि इंजिनाच्या झाकणांवर हवेसाठी जादा झडपा आल्या. फोटोत त्या झडपा शोधा.

रंगही तपासा. रणगाडे गडद करड्या रंगातच उतरले होते. पिवळट तपकिरी आणि करडा-हिरवा या जोडीचा आदेश १७ मार्च १९४१ चा, आणि प्रत्यक्ष रंग लागायला त्याहून वेळ गेला. त्यामुळे त्रिपोलीच्या संचलनात वाळूच्या रंगाचा रणगाडा दाखवणारं रंगवलेलं चित्र चूक आहे. उतरताना कंपन्याही सहाच होत्या: १, २, ४ आणि ५, ६, ८. बुरुजावरच्या क्रमांकाचा पहिला आकडा कंपनीचा असे, म्हणून तो ३ किंवा ७ असेल तर फोटो नंतरचा.

दप्तरखाना
कागदांबद्दल. एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पोट्सडॅमचं लष्करी दप्तर मोठ्या प्रमाणात जळालं, त्यामुळे रेजिमेंटच्या पातळीवर फार थोडं वाचलं. काम वरच्या पातळीवरून करावं लागतं. जर्मनीत फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आफ्रिका कोअरचे (ही डिव्हिजन ज्याच्या हाताखाली होती ते जर्मन सैन्य) कागद आरएच २४-२०० मध्ये आणि २१व्या डिव्हिजनचे आरएच २७-२१ मध्ये आहेत. 'इन्व्हेनियो' या त्यांच्या शोधयादीत घरबसल्या बघता येतं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली मायक्रोफिल्म कोअरसाठी टी-३१४ आणि डिव्हिजनसाठी टी-३१५ मालिकेत आहे. मुख्य युद्ध-दैनंदिनीवर थांबू नका. रणगाड्यांचे रोजचे आकडे बहुधा तिच्या जोडपत्रांत असतात.

आणि रेजिमेंट त्या दिवशी कोणाच्या हाताखाली होती ते आधी बघा. २३ नोव्हेंबर १९४१ ला तोब्रुकच्या आग्नेयेला सिदी रेझेघच्या दक्षिणेला झालेल्या मोठ्या हल्ल्यात पॅन्झर रेजिमेंट ५ ही १५व्या पॅन्झर डिव्हिजनबरोबर लढली. फक्त २१व्या डिव्हिजनचा गठ्ठा चाळलात तर ऐन रक्तरंजित दिवशी तुमची रेजिमेंट गायब! दोनच दिवसांनी, २५ तारखेला, इजिप्तच्या सीमेवरच्या सिदी ओमारला ४थ्या भारतीय डिव्हिजनच्या ७व्या ब्रिगेडसमोर ती गेली, आणि २५ पौंडी तोफांनी तिला समोरासमोरच्या माऱ्याने फोडलं. रेजिमेंटचा कमांडर श्टेफान त्याच दिवशी पडला. लेखात हा प्रसंग सविस्तर घ्याच. मराठी वाचकाला तोब्रुकचा पराभव ऐकून माहीत असतो, सिदी ओमार मात्र कोणी सांगत नाही.

बेळगावकर
तोब्रुकबद्दल. २/५ म्हणजे ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन, ११व्या भारतीय ब्रिगेडमधली. हीच ब्रिगेड जून १९४१ मध्ये इजिप्त-लिबिया सीमेजवळच्या हल्फाया घाटावर लढली होती, तेही लेखात जोडा. इंग्रजी यादीत शोधताना जुनं स्पेलिंग वापरा: एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. आजच्या स्पेलिंगने नोंदी निसटतात.

२० जूनला मराठे आग्नेय तटबंदीवर होते. तिथला रणगाडाविरोधी खंदक जागोजागी वाळूने बुजला होता आणि पेरलेले बरेचसे सुरुंग आधीच उचलून गझालाकडे (तोब्रुकच्या पश्चिमेच्या आघाडीवर) नेले होते. पहाटे विमानांनी याच पट्ट्यावर बॉम्ब ओतले, मागोमाग जर्मन पायदळ आणि सॅपर (सुरुंग-खंदक हाताळणारे सैनिक) आले, खंदकावर वाट केली, मग १५व्या आणि २१व्या डिव्हिजनचे रणगाडे आत शिरले. संध्याकाळी २१वी डिव्हिजन बंदरात होती. 'मराठ्यांची फळी फुटली' एवढंच लिहिणं अन्यायाचं आहे. एका बटालियनच्या पट्ट्यावर दोन पॅन्झर डिव्हिजनांचा भार आला होता, हे आकड्यांसह मांडा.

ब्रिटिश बाजूच्या दैनंदिन्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ १६९ मध्ये आहेत. मात्र कैद झालेल्या बटालियनची त्या दिवसाची नोंद सलग मिळेल असं धरू नका. तोब्रुकच्या पाडावाची चौकशी झाली होती, त्यातल्या जबान्या जोडीला घ्या.

हिशेबनीस
जुळवताना दोन्ही बाजूंची घड्याळं एकच होती असं मानू नका. दोघांनीही नोंदलेली एखादी ठळक घटना, उदाहरणार्थ पहिला विमानहल्ला, पकडा आणि तिच्यावरून बाकीच्या वेळा सरकवा. वहीत डावीकडे जर्मन, मधे जागा, उजवीकडे मराठे.

रेतीघड्याळ
सगळ्यांचे मनापासून आभार. जूनच्या जोडपत्रांपासून सुरुवात करतो. ठिकाणांची नावं दोन्हीकडे वेगळ्या स्पेलिंगने येतात, त्याचं काय करावं?

दप्तरखाना
नावाचा अर्थ बघा. 'बीर' म्हणजे विहीर, 'त्रिघ' म्हणजे वाट, 'रास' म्हणजे भूशिर, आणि 'सिदी' असेल तर बहुधा एखाद्या पीराची कबर. स्पेलिंग जुळलं नाही तरी विहीर जागची हलत नाही. त्या काळच्या नकाशावरचे ग्रिड आकडे घेऊन जागा ठरवा आणि लेखभर एकच मराठी रूप ठेवा.