अनुभव धागा : ‘लव्हलेस’ – ऐकणं, वाजवणं आणि समीक्षा (सोलापूरकरांसाठी)

सातरस्ता : माय ब्लडी व्हॅलेंटाइन या रॉक बँडचा ‘लव्हलेस’ हा अल्बम ४ नोव्हेंबर १९९१ ला आला. हा आवाज कानात बसला की माणूस गिटार घेतो आणि पहिला खर्च पेडलांवर (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्यांवर) करतो. तो खर्च टळावा म्हणून हा धागा काढतोय. वाजवणाऱ्यांनी, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी आणि परीक्षणं वाचणाऱ्यांनी नेमकं लिहावं : काय केल्यावर काय होतं आणि का.

तारेवरची : बरं झालं धागा काढलात. या आवाजाचं मूळ पेडलात नाही, उजव्या हातात आहे. बँडचा गिटारवादक केविन शील्ड्स जॅझमास्टर आणि जॅग्वार या गिटारींवर ट्रेमोलो आर्म (तारांचा ताण बदलून सूर हलवणारी दांडी) मुठीत धरूनच तारा छेडतो, त्यामुळे अख्खी कॉर्ड सुराच्या खाली-वर हलत राहते. दरबारीतला आंदोलित गंधार आठवा, फक्त इथे सगळ्या तारा एकदम झुलतात.

स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटार असेल तर ब्रिजची (बॉडीवर तारा जिथे बसतात त्या पट्टीची) मागची कड बॉडीपासून साधारण ३ मिमी उचलून ठेवा. ब्रिज टेकलेला असला की सूर फक्त खाली जातो, वर येत नाही, आणि मग ते रडकं वाटतं. ०९ च्या (बारीक) तारा फार लवकर लोळतात, ११ चा (जाड) संच लावा. त्याने ब्रिज पुढे ओढला जाईल, म्हणून मागच्या स्प्रिंगांचे स्क्रू थोडे आवळा आणि पुन्हा ३ मिमी तपासा. नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचांत पेन्सिलीचं शिसं घासा. सूर परत जागेवर न येण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं, तार खाचेत अडकते. हालचाल पाव सुराच्या आतच ठेवा. नवशिके आर्म इतका दाबतात की कॉर्डच ओळखू येत नाही.

उलटीरीळ : वरच्याला जोडून. दुसरा भाग यामाहा एसपीएक्स९० या इफेक्ट यंत्रातल्या रिव्हर्स रिव्हर्बचा (रिव्हर्ब म्हणजे घुमारा). नाव रिव्हर्स असलं तरी त्यात आवाज खरोखर उलटा होत नाही. प्रतिध्वनी हळूहळू चढत जातो आणि एकदम तुटतो. त्यात मूळ आवाज शून्य आणि रिव्हर्ब १०० टक्के ठेवला की पिकचा ‘टक्’ गायब होतो, आणि नोट कुठून सुरू झाली तेच कळत नाही. थोडा जरी मूळ आवाज राहिला तरी ती जादू गेली.

घरी करायचं तर कोणत्याही पेडलातला ‘रिव्हर्स’ मोड चालेल. आधी रिव्हर्ब, मग फझ (आवाज खरखरीत, फाटका करणारं पेडल). उलट क्रम लावला तर आवाज स्वच्छ येतो, पण भिंत उभी राहत नाही. कोरस, फ्लँजर हे आवाज लहरता करणारे इफेक्ट लावूच नका. शील्ड्सने ते मुद्दाम टाळले आणि गिटार मध्यभागी, जवळजवळ मोनो (डावी-उजवीकडे न पसरवता) ठेवली. थरही लोकांना वाटतात त्यापेक्षा खूप कमी आहेत, हे त्यानेच सांगितलंय. आठ ट्रॅक चढवून चिखल होतो. दोन पुरतात.

कानसेन : समीक्षेबद्दल. परीक्षणं तेव्हाही चांगलीच होती. ‘व्हिलेज व्हॉइस’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या १९९१ च्या समीक्षक-मतदानात अल्बम १४ वा आला. विक्री मात्र बेताची. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत २४ व्या क्रमांकापलीकडे गेला नाही, आणि दोनेक वर्षांच्या कामानंतर व १९ स्टुडिओंनंतर क्रिएशन या रेकॉर्ड कंपनीने बँडला सोडलं. नंतर मान वाढतच गेला. ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक संकेतस्थळाच्या नव्वदच्या दशकातल्या सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत १९९९ साली पहिला, २००३ च्या सुधारित यादीत दुसरा. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या पाचशे सर्वोत्तम अल्बमांत २००३ साली २१९ वा, २०२० मध्ये ७३ वा.

माझी तक्रार एकच : समीक्षक ‘धुकं’, ‘स्वप्न’, ‘आवाजाची भिंत’ असं लिहून थांबतात. वाचणाऱ्याला वाटतं शेकडो गिटारी आहेत. ड्रमचा बराच भाग वादकाच्याच ठोक्यांचे नमुने घेऊन जुळवलाय, हेही त्यात सहसा नसतं.

पूर्वभाग : घरी ध्वनिमुद्रण करतानाच्या आपल्याकडच्या अडचणी लिहितो. यंत्रमागाची धडधड भिंतीतून आणि फरशीतून येते. सोलापुरी चादर लावून ती थांबत नाही. चादर खोलीतला वरच्या पट्टीचा घुमारा कमी करते, तेही दुहेरी करून भिंतीपासून ८–१० सेमी पुढे टांगली तर. भिंतीला चिकटवली की निम्मा उपयोग वाया. गिटारचा माइक अँपच्या जाळीपासून २–३ सेमीवर ठेवा, मागाचा आवाज आपोआप दबतो. गाणं मात्र माग बंद असतानाच घ्या. या अल्बमसारखा हळू गळा लावायचा तर गेन (माइकची पातळी) चढवावा लागतो, आणि मागही सोबत चढतो.

गुणगुण (हम) येत असेल तर आधी अर्थिंग तपासा. अँप आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि ट्यूबलाइटचा चोक लांब. सिंगल कॉइल पिकअपची (हम जास्त पकडणारी) गिटार हातात धरून जागेवर हळूहळू फिरा, एका दिशेला हम एकदम पडतो, तिथेच बसा. हम जावा म्हणून तिसरी पिन कापू नका, जीवावर बेतेल.

सातरस्ता : पूर्वभाग, चादरीचं अंतर महत्त्वाचं सांगितलंत. ऐकणाऱ्यांसाठी काही?

कानसेन : १२८ केबीपीएसची (फार दाबलेली) एमपीथ्री नको. एवढ्या दाट फझला दाबताना वरचे सूर पाण्यासारखे डुचमळतात, आणि नवख्याला तोच अल्बमचा गुण वाटतो. बास बूस्ट बंद ठेवा, नाहीतर बँडची गायिका बिलिंडा बुचरचा गळा, जो मुळातच मागे ठेवलाय, पार बुडतो. जुनी सीडी आजच्या अल्बमांपेक्षा हळू आवाजाची आहे, तेव्हा आवाज बिनधास्त वाढवा. २०१२ च्या आवृत्तीत दोन सीडी आहेत, एक मूळ डिजिटल टेपवरून, दुसरी अर्ध्या इंचाच्या अ‍ॅनालॉग टेपवरून. गिटारचं झुलणं मोजून ऐकायचं असेल तर दुसरी घ्या.