नवा ट्रक, तीच तक्रार, पुन्हा तेच वर्कशॉप: तुमचे अनुभव लिहा

नवा ट्रक वॉरंटीत आहे, बिघाड खरा आहे, डीलरच्या वर्कशॉपने दुरुस्त करून दिला आणि गाडी भरून निघाल्यावर तोच बिघाड पुन्हा आला. हे ज्यांच्या वाट्याला आलं आहे त्यांनी इथे सविस्तर लिहावं. कंपनीचं किंवा डीलरचं नाव नको. लक्षण काय होतं, काय काय बदललं आणि शेवटी खरं कारण कुठे सापडलं, एवढं आलं की पुढच्याला उपयोग होईल.

सुरुवात मी करतो. माझी गाडी रिकामी असताना उत्तम चालायची. माल भरून चढाला लागली की इंजिनचा दिवा पेटायचा, पिकअप जायचा आणि ती लिम्प मोडमध्ये, म्हणजे इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कमी करतं त्या अवस्थेत, जायची. वर्कशॉपने नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) बदलला. थोडे दिवस बरे गेले. पुन्हा दिवा, पुन्हा नवा सेन्सर. मग डीईएफवर, म्हणजे धूर स्वच्छ करायला एक्झॉस्टमध्ये फवारतात त्या युरियाच्या द्रावणावर, संशय. डीईएफमध्ये युरिया ३२.५ टक्के असावा लागतो. तपासलं तर तो बरोबर होता. तरी डीईएफचा पंप बदलला. दरवेळी लॅपटॉप लावून कोड पुसायचे आणि 'गाडी ओके आहे, घेऊन जा' म्हणायचे.

जड गाड्यांच्या फॉल्ट कोडमध्ये दोन आकडे असतात. एसपीएन सांगतो तक्रार कशाबद्दल आहे, एफएमआय सांगतो तक्रार कोणत्या प्रकारची आहे. माझ्या कोडमध्ये एफएमआय ५ होता, म्हणजे सर्किट तुटलेलं किंवा करंट कमी. एवढ्यावरून आधी वायर तपासायला हवी होती. दुसऱ्या वर्कशॉपच्या इलेक्ट्रिशियनने हार्नेस, म्हणजे वायरांची जुडी, हाताने चाचपत नेला, तर चेसिसच्या एका ब्रॅकेटवर घासून वायर आतून तुटत आली होती. माल भरला की चेसिस पिळवटते, वायर ताणली जाते आणि संपर्क सुटतो. रिकाम्या गाडीत ती जागेवर बसायची, म्हणून वर्कशॉपच्या आवारात काहीच सापडत नव्हतं. वायर सांधली, क्लिप लावून ब्रॅकेटपासून दूर बांधली. त्यानंतर दिवा लागलेला नाही. बदललेले सगळे सेन्सर चांगले होते, याचा मला अजून संताप येतो. त्या काळात बुडालेलं भाडं कोणी भरून दिलं नाही आणि कर्जाचा हप्ता काही थांबला नव्हता.

गाड्यांचा हिशेब सांभाळणारी

दादा, आमचं दुखणं टायरचं. नव्या गाडीचे पुढचे टायर एका कडेने झिजायला लागले आणि ड्रायव्हर म्हणायचे, स्टिअरिंग सारखं एका बाजूला ओढतं. वर्कशॉप दरवेळी पुढचं अलाइनमेंट करायचं, टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल, जुळवायचं. टायर तसेच झिजत राहिले. मग ड्रायव्हरना वेग वाढवू नका, ब्रेक सांभाळा, असा उपदेश सुरू झाला. आमच्या ड्रायव्हरवर असं ढकललेलं मी ऐकून घेतलं नाही.

मी अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट मागितला. त्यात फक्त पुढच्या धुरीचे आकडे होते, मागच्या धुऱ्या मोजल्याच नव्हत्या. सगळ्या धुऱ्या मोजायला लावल्यावर एक मागची धुरी चेसिसला काटकोनात नव्हती असं निघालं. मागची धुरी तिरकी असली की ती गाडीला एका बाजूला ढकलते, सरळ जाण्यासाठी ड्रायव्हरला स्टिअरिंग कायम वळवून धरावं लागतं आणि त्याचा भुर्दंड पुढच्या टायरला बसतो. धुरी सरळ केली, गाडी सरळ चालली. टायरचे पैसे मिळवायला मात्र भरपूर पत्रव्यवहार करावा लागला. त्या भांडणात आधीचे सगळे रिपोर्ट कामी आले. म्हणून सांगते, अलाइनमेंट आधीचं आणि नंतरचं, दोन्ही रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

स्वतः चालवणारा

माझ्याकडे एका दुरुस्तीतून दुसरा बिघाड झाला. क्लचच्या कामासाठी प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या धुरीला नेणारा दांडा) उतरवला होता. गाडी मिळाली तेव्हापासून ठराविक वेगाला केबिन थरथरायची. चाकं बॅलन्स केली, सेंटर बेअरिंग बदललं, थरथर तशीच. शाफ्ट परत जोडताना दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस जॉइंट धरणारे फाटे, एका रेषेत आले नव्हते. क्रॉस जॉइंट कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. योक जुळलेले असले तर एका जॉइंटचा फरक दुसरा खातो, नसले तर सगळी थरथर गाडीत येते. उतरवण्याआधी खडूची खूण केली असती तर हे झालंच नसतं. बिघाड 'कालच्या कामानंतर' सुरू झाला आहे, एवढं वाक्य मी सतत लावून धरलं, म्हणून शेवटी शाफ्ट पुन्हा खोलला.

अनेक वर्षं वर्कशॉपमध्ये काम केलेला

सगळे मेकॅनिक बेफिकीर नसतात, हे आधी सांगतो. वॉरंटीच्या कामात कंपनी डीलरला बदललेल्या पार्टचे आणि त्या कामाला ठरवून दिलेल्या तासांचे पैसे देते. घासलेली वायर शोधण्यात अर्धा दिवस गेला तर तो वेळ बहुतेकदा पूर्ण मिळत नाही. पार्ट बदलणं सोपं, कारण शोधणं महाग. त्यात अधूनमधून येणारा बिघाड वर्कशॉपमध्ये दिसला नाही की शेरा पडतो, 'दोष आढळला नाही'.

यावर तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. बिघाड येतो तेव्हा माल किती, चढ की सपाट, इंजिन गार की गरम, हे तुमच्या शब्दांत जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर) लिहून घ्या. अ‍ॅडव्हायझर नुसतं 'चेक लाइट' लिहितो, तेवढ्यावर सही करू नका. आणि दिवा लागला की बॅटरी काढून तो घालवू नका. कोड पडला त्या क्षणाचा वेग, लोड, तापमान कंट्रोल युनिटमध्ये साठवलेलं असतं; कोड पुसला की तेही जातं.

ड्रायव्हरची बहीण

माझा भाऊ चालवतो. ब्रेकच्या कामानंतर चाकाचे नट ढिले निघाले. सुदैवाने त्याला आवाज आला. चाक काढून बसवलं की साधारण शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क करायचे, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचे, असतात, हे डीलरने सांगितलं नव्हतं, बिलावरही नव्हतं. विचारायला गेलो तर 'जॉब कार्ड कुठे आहे?' काम 'पाच मिनिटांचं आहे, लगेच करून देतो' म्हणून कार्ड काढलंच नव्हतं. कृपा करून, काम कितीही लहान असो, कार्डाशिवाय गाडीला हात लावू देऊ नका.

नवीन मालक

माझी गाडी आज वर्कशॉपमध्येच आहे. कूलंट कमी होतं, खाली थेंब पडत नाही. रेडिएटरची कॅप, होज, वॉटर पंप, सगळं बदलून झालं. आता इंजिनचं हेड उघडू म्हणतात. परवानगी देऊ का?

धागाकर्ता

लगेच नको. बाहेर गळत नसेल तर ईजीआर कूलर (इंजिनमध्ये परत फिरवलेला धूर कूलंटने गार करणारा भाग) आतून फुटलेला असू शकतो. कूलंट तिथून एक्झॉस्टमध्ये जातं, म्हणून खाली काहीच दिसत नाही. कूलर वेगळा प्रेशर टेस्ट करा, असं लेखी मागा आणि टेस्टला स्वतः उभे राहा. आधीच्या सगळ्या जॉब कार्डांच्या प्रती जोडून कंपनीच्या तांत्रिक विभागाला आजच मेल टाका: तक्रार एकच, पार्ट इतके बदलले, कारण अजून लेखी मिळालेलं नाही. टेस्टमध्ये काय निघालं ते इथे नक्की कळवा.